तलवारीतली भवानी आणि ऑलिंपसवरची रोमा

शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, असे आज शासकीय पातळीवरही मानले जाते, आणि या तिथीसाठी जे मोजके जुने आधार पुढे केले जातात त्यांत लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली आणि कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य यांचे स्थान अग्रभागी आहे. गंमत अशी की ज्या काव्यातून इतिहासकारांनी ही तिथी विश्वासाने उचलली, तेच काव्य त्या रात्री जिजाबाईंच्या पोटी प्रत्यक्ष विष्णू जन्मला असेही तितक्याच ठामपणे सांगते. तिथी हे प्रमाण आणि विष्णू हा अलंकार, अशी विभागणी आधुनिक वाचक नकळत करून टाकतो. परमानंदाने मात्र ती केलेली नव्हती, आणि त्याच्या काव्यात राजकारणाविषयी जे काही ठोस म्हटले आहे त्याचा मोठा भाग नेमका त्या वगळलेल्या दैवी प्रसंगांतच आहे.

राजकीय काव्यातील देव, भुते, स्वप्ने आणि अपशकुन यांचा असा विचार युरोपात एका विशिष्ट कालखंडाच्या संदर्भात फार बारकाईने झालेला आहे. हा कालखंड उत्तर-प्राचीन म्हणून ओळखला जातो, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकाचा, जेव्हा रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले होते, त्याचा पश्चिमेकडील भाग खिळखिळा होत चालला होता आणि दरबारात बादशहापुढे म्हणावयाच्या लॅटिन प्रशस्तिकाव्यांना मात्र बहर आला होता. त्या काव्यांतील सर्वांत मोठे नाव क्लॉडियनचे. तो मूळचा इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा आणि ग्रीक भाषक, इ. स. ३९५ च्या जानेवारीत दोन तरुण खानदानी भावांना कॉन्सल हे रोममधील सर्वोच्च मानाचे वार्षिक पद मिळाले, त्या सोहळ्यासाठी त्याने लॅटिनमध्ये काव्य रचले, आणि पुढील दहाएक वर्षे तो बालसम्राट होनोरियस व त्याच्या नावाने प्रत्यक्ष सत्ता चालवणारा सेनापती स्टिलिको यांचा जणू अधिकृत कवी होऊन बसला. इ. स. ४०० च्या सुमारास रोममधील ट्रेजनच्या चौकात त्याचा पुतळा उभारला गेला. त्या पुतळ्याखालील शिलालेख उपलब्ध असून त्यात व्हर्जिल आणि होमर या दोघांशी त्याची बरोबरी केलेली आहे.

क्लॉडियनचा श्रोतृवर्ग पाहिला की त्याच्या काव्यातील देवांचे नवल वाटू लागते. होनोरियसचा बाप थिओडोसियस याने ३९१ आणि ३९२ मध्ये फर्माने काढून जुन्या देवांची पूजा, बळी आणि देवळांतील जाणे-येणे बंद केले होते, आणि त्याच्या मुलाचा मिलानमधील दरबार उघडपणे ख्रिस्ती होता. तरीही त्या दरबारात म्हटल्या गेलेल्या काव्यांत ज्युपिटर सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करतो, रोम हे शहर 'रोमा' नावाची शिरस्त्राणधारी देवी होऊन आकाशमार्गे प्रवास करते, आणि पाताळात सूडाच्या देवता सभा भरवतात. या सूडदेवतांची सभा स्टिलिकोचा प्रतिस्पर्धी मंत्री रुफिनस याच्यावरील निंदाकाव्याच्या आरंभी येते. रुफिनसला ३९५ च्या नोव्हेंबरात कॉन्स्टँटिनोपलबाहेर सैनिकांनी ठार मारले, आणि या खुनामागे स्टिलिकोचा हात असावा अशी शंका तेव्हाही घेतली जात होती. क्लॉडियन या शंकेला उत्तर देत बसत नाही. पृथ्वीवर फार शांतता नांदू लागली म्हणून अस्वस्थ झालेल्या अलेक्टो आणि मेगेरा या सूडदेवतांनी रुफिनसला आपले हत्यार म्हणून वर धाडले होते, एवढे तो सांगतो. एकदा रुफिनस हा पाताळाचा हस्तक ठरला की त्याला कोणी मारले हा प्रश्न आपोआप गैरलागू होतो.

याहून उघड उदाहरण ३९८ सालचे आहे. आफ्रिकेचा सेनाधिपती गिल्डो याने रोमला जाणारे धान्य अडवले, आणि त्याने आपली निष्ठा पश्चिमेऐवजी पूर्वेकडील सम्राट आर्केडियस, म्हणजे होनोरियसच्याच थोरल्या भावाच्या पदरी नेली. म्हणजे वरकरणी बंडखोराविरुद्धची ही मोहीम प्रत्यक्षात दोन भावांच्या दरबारांमधील भांडण होती, शिवाय पूर्वेकडील दरबाराने स्टिलिकोलाच राज्याचा शत्रू ठरवले होते. या अडचणीच्या जागी क्लॉडियन उपासमारीने खंगलेल्या रोमा देवीला ऑलिंपसवर ज्युपिटरकडे पाठवतो, तिच्यामागोमाग विस्कटलेल्या केसांची आफ्रिकाही गाऱ्हाणे घेऊन येते, आणि मग रात्री दोन मृतात्मे खाली उतरतात: दिवंगत थिओडोसियस पूर्वेकडे जाऊन आर्केडियसला त्याच्या वागण्याबद्दल खडसावतो, तर त्याचा बाप, थोरला थिओडोसियस, नातवाकडे म्हणजे होनोरियसकडे येऊन त्याला युद्धाला उभा करतो. दोन दरबारांतील जो प्रश्न कोणत्याही वकिलाला सोडवता आला नसता, तो काव्यात घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भुतांनी एका रात्रीत मिटवलेला आहे. मंत्रिमंडळाचे एकमत होत नाही किंवा घेतलेला निर्णय उघडपणे समर्थनीय वाटत नाही, तिथे ही दैवी पात्रे पुढे होतात. शोभेसाठी आणलेली पात्रे याहून बऱ्याच निरुपद्रवी जागा शोधतात.

हाच निकष परमानंदाला लावून पाहण्यासारखा आहे. परमानंद गोविंद हा नेवाश्याचा, म्हणून त्याला नेवासकर म्हणतात, आणि 'कवींद्र' ही त्याची पदवी. शिवाजी महाराजांच्याच सांगण्यावरून आपण हे काव्य रचले असे तो आरंभी नमूद करतो, आणि काशीत गंगेच्या काठी पंडितांनी विनंती केल्यावरून आपण ते त्यांना ऐकवत आहोत अशी चौकट आखतो. ही चौकट पुराणांची आहे. ऋषींनी विचारावे आणि सूताने सांगावे, तसे येथे पंडित विचारतात आणि कवी सांगतो. तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून मिळालेल्या पोथीच्या आधारे सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ मध्ये पुण्यात हा ग्रंथ मराठी भाषांतरासह संपादित केला. एकतीस अध्याय पूर्ण आणि बत्तिसावा जेमतेम सुरू झालेला, अशा अवस्थेत तो मिळतो, आणि कथानक १६६१ च्या कोकणातील मोहिमेपाशी तुटते.

त्यातील अवताराचा प्रसंग भागवतपुराण जाणणाऱ्याला लगेच ओळखीचा वाटेल. जुलमाने पिडलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे जाते, ब्रह्मदेव विष्णूकडे नेतो, आणि विष्णू शहाजीराजांच्या घरी जन्म घेण्याचे वचन देतो. पृथ्वीचे हे गाऱ्हाणे आणि ज्युपिटरपुढे उभ्या राहिलेल्या रोमाचे गाऱ्हाणे यांची जातकुळी एकच असली, तरी परमानंदाला लॅटिन काव्याची वार्ता असण्याचे कारण नाही. दोन्हीकडे भूमीला स्त्रीरूप देऊन तिच्या तोंडून राज्यकर्त्याची मागणी करवून घेण्याची युक्ती आपापल्या परंपरेतून आलेली आहे. या युक्तीने परमानंदासमोरची नेमकी कोणती अडचण सुटत होती, हे मात्र पाहिले पाहिजे. शहाजीराजे निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तीन सत्तांच्या चाकरीत राहिले होते, आणि त्यांच्या पुत्राने त्याच आदिलशाहीविरुद्ध शस्त्र उचलले होते. चाकराच्या मुलाने धन्यावर हत्यार धरणे हे सतराव्या शतकातील दख्खनच्या राजनीतीत सहज समर्थन करता येण्याजोगे कृत्य नव्हते. पृथ्वीने स्वर्गात जाऊन मागणी केली आणि मग हा जन्म झाला, असे म्हटल्यावर चाकरी आणि धनीपण यांची ती सगळी भाषाच खालच्या पातळीवर राहते. गर्भवती जिजाबाईंना हत्तीवर आरूढ होण्याचे आणि छत्रचामरे धारण करून सिंहासनावर बसण्याचे डोहाळे लागल्याचे वर्णनही असाच एक दावा पुढे मांडते, कारण सिंहासन हा शब्द प्रत्यक्षात उच्चारण्याला १६३० साली कोणताही आधार नव्हता.

अफजलखानाच्या प्रसंगी ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, त्याआधीचे आठवडे हे खऱ्या अर्थाने दोलायमान होते. जिंजीच्या किल्ल्यात राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या बखरीत हा तणाव लपवलेला नाही: कारभाऱ्यांचा सल्ला तहाकडे झुकलेला, महाराजांचा कल लढाईकडे, आणि याच क्षणी श्री भवानीने दर्शन देऊन खान तुझ्या हातून मारला जाईल असे सांगितल्याची कथा येते. महाराज ते दर्शन मातोश्रींना आणि कारभाऱ्यांना सांगतात, आणि सल्ल्याचा सूर बदलतो. परमानंदाच्या काव्यातही खानाच्या भेटीपूर्वी तुळजापूरची देवी प्रकट होते, आणि आपणच महाराजांच्या हाती तलवार होऊन राहिलो आहोत, असे सांगते. दिनदर्शिकांवरील चित्रांत देवी महाराजांना तलवार बहाल करताना दिसते, आणि मराठी मनात तेच चित्र पक्के बसलेले आहे. परमानंदाची कल्पना मात्र त्याहून धाडसी आहे, कारण तिथे देणारी आणि दिलेली वस्तू यांत भेदच उरत नाही. या दर्शनाचे राजकीय फळ १६६१ मध्ये दिसते, जेव्हा प्रतापगडावरच भवानीची स्थापना होते आणि आदिलशाही मुलखातील तुळजापूरवर अवलंबून न राहता राज्याला स्वतःचे देवीपीठ मिळते.

परंतु देवी नेहमी लढायलाच सांगते असे नाही, आणि इथेच हा विषय खरा रंगतो. १६६५ मध्ये मिर्झाराजा जयसिंग पुरंदरावर चालून आला आणि जूनमध्ये झालेल्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा किल्ले स्वतःकडे राहिले. त्या वर्षीची परिस्थिती अफजलखानाच्या वेळेपेक्षा कितीतरी बिकट होती, आणि सभासदाच्या बखरीत त्याही वेळी भवानी बोलते; पण या वेळी ती जयसिंगाला मारता येणार नाही, त्याच्याशी सलूख करावा आणि पुढे बादशहाकडे जाण्याचा प्रसंग आला तरी आपण रक्षण करू, अशा आशयाचा आदेश देते. विजयाच्या उत्साहात रचलेल्या काव्यांतील देवता फक्त शत्रूचा नाश सांगतात. भवानी माघारीलाही तितकेच अधिकृत ठरवते, आणि म्हणून सभासदाच्या कथेतील देवी क्लॉडियनच्या ज्युपिटरपेक्षा अधिक कसलेली राजकारणी वाटते. दरबारात कोणाही माणसाने दिला असता तर भ्याडपणाचा ठरला असता, असा सल्ला तिच्या तोंडून आला की ती आज्ञा होते.

हे सारे ज्या भूप्रदेशात घडल्याचे बखरी सांगतात, त्याचा मोठा भाग आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत येतो, आणि तिथल्या दैवतांचा नकाशा ध्यानात घेतल्याशिवाय अवताराच्या कथांतील एक विसंगती उलगडत नाही. परमानंद महाराजांना विष्णूचा अवतार म्हणतो. सभासद मात्र शंभुमहादेवाने स्वप्नात येऊन आपणच या कुळात अवतरलो आहोत असे सांगितल्याची कथा नोंदवतो. हा शंभुमहादेव म्हणजे माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरचा. माणदेश, म्हणजे माण नदीच्या खोऱ्यातील आटपाडी, दहिवडी, सांगोला या बाजूचा तो कायम पावसाची वाट पाहणारा मुलूख, आजही या शिखराकडे कावडी घेऊन जातो. मालोजीराजांनी तिथे यात्रेकरूंसाठी तलाव बांधला तो पाण्याच्या याच टंचाईमुळे. काशीच्या पंडितांना ऐकवावयाच्या संस्कृत काव्यात माणदेशातील डोंगरावरच्या महादेवाला नायकाचे मूळ म्हणून उभे करणे अवघड होते, कारण अवतार घेऊन भूभार हरण करणे हे सर्व भारतात विष्णूचे काम म्हणून रूढ होते. सभासदाचा वाचक मात्र दक्षिणेत अडकलेला मराठी दरबार होता, त्याला शिखराचा महादेव कुलदैवत म्हणून पुरेसा होता. ही दोन्ही रूपे एकत्र ठेवून कोणते खरे असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. कोणाला उद्देशून कोणते रूप वापरले, हा प्रश्न जास्त बोलका आहे. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शहाशरीफ या पीराला नवस केला आणि म्हणून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी तिसरी परंपरा याच घराण्याबद्दल सांगितली जाते, आणि तिचाही श्रोतृवर्ग निराळाच होता.

अफजलखानाचा मार्ग बखरींत तुळजापूर, पंढरपूर, शंभुमहादेव असा क्रमाने दैवतांच्या ठिकाणांवरून नेलेला आहे. सैन्याच्या वाटचालीचा हा नकाशा जितका भूगोलाचा तितकाच पुराणाचा, कारण त्यात खान एकेका दैवताचा अपराध करीत वाईच्या दिशेने सरकतो आणि शेवटी प्रतापगडाखाली त्या सर्वांचा हिशेब होतो. या प्रसंगावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज उपलब्ध असलेल्या मराठी पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. १८९१ मध्ये हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी छापलेल्या संग्रहामुळे असे पोवाडे वाचकांपुढे आले, पण त्याआधी कित्येक पिढ्या ते गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडी होते. गोंधळ हा मुळात भवानी-अंबाबाईसाठी घातला जाणारा विधी. संबळ वाजू लागल्यावर सगळ्या दैवतांना नावानिशी बोलावणे धाडायचे आणि मग आख्यान लावायचे, ही त्याची रीत. माणदेशात शिखराचा महादेव, खरसुंडीचा सिद्धनाथ, औंधची यमाई अशी नावे त्या बोलावण्यात येतात. अशा विधीच्या अंगणात अफजलखानाची कथा गायली गेली की तिच्यातील भवानी हे काव्यातील पात्र राहत नाही, ती आताच बोलावलेली आणि समोर दिवटीच्या उजेडात हजर असलेली देवी असते.

क्लॉडियन आणि परमानंद यांच्यातील खरा फरक इथे आहे. मिलानच्या दरबारातील एकाही माणसाला ज्युपिटरकडे नवस करायचा नव्हता. ते देव शाळेत व्हर्जिल शिकताना भेटलेले होते आणि म्हणूनच निर्धास्तपणे वापरता येत होते. पाचव्या शतकातील गॉलचा कवी सिडोनियस अपोलिनारिस हा तर ख्रिस्ती, पुढे क्लेरमाँचा बिशप झालेला. तरी त्याने ४५६ मध्ये अव्हिटस, ४५८ मध्ये मेजोरियन आणि ४६८ मध्ये अँथेमियस अशा तीन सम्राटांची स्तुती करताना थकलेली रोमा, रडणारी आफ्रिका आणि सल्ला देणारा ज्युपिटर यांचीच ने-आण केली. तिन्ही सम्राट थोडक्या वर्षांत पदच्युत झाले किंवा मारले गेले, आणि देवांचे भाकीत प्रत्येक वेळी खोटे पडले, तरी त्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का बसला नाही, कारण श्रद्धा तिथे गुंतलेलीच नव्हती. सहाव्या शतकात आफ्रिकेतील कोरिपस याने ही यंत्रणा ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या महाकाव्यात सेनापती जॉनला समुद्रप्रवासात रात्री एक सैतानी आकृती दिसते आणि पांढऱ्या वस्त्रांतील एक वृद्ध तिला हाकलून देतो. सम्राट जस्टिन दुसरा याच्यावरील काव्यात 'पिएटास', म्हणजे धर्मनिष्ठा हीच कुमारीच्या रूपाने त्याच्या स्वप्नात येते. हे बदल कौशल्याचे आहेत, पण त्यांत सावधपणा दिसतो. परमानंदाला असा सावधपणा बाळगावा लागला नाही. त्याची देवी तुळजापूरला रोज पूजली जात होती, आणि तिच्याविषयी लिहिलेला श्लोक काव्य म्हणून वाचून सोडून देण्याची सोय त्याच्या श्रोत्यांना नव्हती.

दैवी भाग गाळून उरलेले तेवढे घेण्याची सवयही जुनी आहे, आणि तिचा एक मासला क्लॉडियनच्याच बाबतीत सापडतो. ३९४ मध्ये फ्रिगिडस नदीच्या लढाईत अचानक सुटलेल्या वाऱ्याने थिओडोसियसच्या शत्रूंचे भाले उलट फिरवले, या घटनेवरच्या क्लॉडियनच्या ओळी संत ऑगस्टीनने आपल्या 'देवाचे नगर' या ग्रंथात उद्धृत केल्या. कवी ख्रिस्ताच्या नावापासून दूर असलेला आहे असे तो तिथे स्पष्ट म्हणतो, पण वाऱ्याचा चमत्कार हवा असल्याने ओळी घेतो, आणि त्या घेताना वाऱ्यांचा जुना देव इओलस ज्या शब्दांत येतो ते शब्द मात्र गाळतो. चमत्कार ठेवून देव वगळण्याचे काम ऑगस्टीनने केले. मराठीत एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुले यांनी १८६९ च्या आपल्या पोवाड्यात अवताराची चौकट बाजूला सारून महाराजांना कुळवाड्यांचा म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभे केले, आणि पुढच्या इतिहाससंशोधकांनी तिथी, ठाणी आणि सरदारांची नावे तेवढी टिपून घेतली. फुल्यांचे गाळणे वेगळ्या जातीचे होते हे कबूल केले पाहिजे. देव काढून टाकल्यावर राजाला अधिकार कोणी दिला या प्रश्नाला त्यांनी दुसरे उत्तर दिले, संशोधकांनी तो प्रश्नच मिटवला.

परमानंदाच्या दैवी चौकटीची किंमतही मोजावी लागते, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नायक विष्णू ठरला की प्रतिपक्ष पुराणातील दैत्यांचा पुनर्जन्म ठरतो, आणि 'शिवभारत' ते करते. रुफिनसला पाताळाचे अपत्य ठरवण्याचाच हा प्रकार, फक्त इथे एका माणसाऐवजी एक समाज त्या खात्यात जमा होतो. मात्र काव्य स्वतःच हे गणित शेवटपर्यंत सांभाळत नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईचे वर्णन करताना परमानंद मलिक अंबरचा पराक्रम मनमोकळेपणाने गातो, कारण त्या दिवशी शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि अंबरची थोरवी ही शहाजीराजांचीही थोरवी होती. दैत्य कोण हे पुराणाने ठरवायचे असते, पण या काव्यात ते त्या त्या वर्षीच्या युतीवर अवलंबून आहे, आणि ज्यांना 'शिवभारता'त केवळ धर्मयुद्ध वाचायचे असते त्यांनी भातवडीचा अध्याय पुन्हा पाहावा.

साताऱ्याच्याच परिसरात चाफळ आणि सज्जनगड येथे राहिलेल्या समर्थ रामदासांच्या 'आनंदवनभुवनी' या प्रकरणात अलौकिकाचा आणखी निराळा उपयोग आढळतो. तिथे कवी रात्री पाहिलेल्या स्वप्नाचा आधार घेऊन देवांचा कोप, दुष्टांचा संहार आणि औरंगजेबाचा बुडालेला कारभार असे दृश्य घडून गेल्यासारखे सांगतो. क्लॉडियनचे मृतात्मे आणि सभासदाची भवानी पुढे काय करावे हे सांगतात. रामदासांचे स्वप्न मात्र झाले म्हणून टाकते. प्रतापगडाच्या देवीला उद्देशून त्यांनी केलेली प्रार्थना याच्या उलट आहे. तीत ते देवीकडे तिच्या राजाची भरभराट मागतात, म्हणजे राजा हा देवीचा आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि प्रार्थनेच्या नम्र स्वरात हा दावा फारसा जाणवतही नाही.

आटपाडीचा विषय निघाला की औंध संस्थान आठवणे अपरिहार्य आहे, कारण १९४८ पर्यंत आटपाडी हा औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मुलखाचा भाग होता. प्रतिनिधी हे पद राजाराम महाराजांनी जिंजीत प्रल्हाद निराजी याच्यासाठी निर्माण केले. ज्या वेढलेल्या दरबारात सभासदाने बखर लिहिली, तिथेच या पदाचाही जन्म झाला हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. शेवटचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार, आणि १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या डोंगरावर यमाईच्या मूळपीठाच्या वाटेवर उभारलेल्या संग्रहालयाला भवानीचेच नाव दिले. त्याच सुमारास त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. अधिकार देवीकडून येतो ही भावना आणि तो रयतेकडे द्यावा हा निर्णय, एकाच माणसाने एकाच काळात बाळगला.

राहता राहिला राज्याभिषेकाचा प्रश्न, आणि तो परमानंदाच्या हातून सुटलेला आहे, कारण त्याचे काव्य अभिषेकाच्या तेरा वर्षे आधी थांबते आणि विष्णूने दिलेले वचन उपलब्ध पोथीत सिंहासनापर्यंत पोचतच नाही. ६ जून १६७४ च्या सोहळ्यामागील अलौकिक कथा सांगितली ती निश्चलपुरी गोसावी या तांत्रिकाच्या पक्षाने, 'शिवराज्याभिषेककल्पतरु' या संवादरूप संस्कृत ग्रंथात. तिचा सूर स्तुतीचा नाही, तक्रारीचा आहे: काशीहून आलेल्या गागाभट्टाने वैदिक विधी केला, पण गडाच्या, डोंगराच्या आणि स्थळाच्या देवतांना मान दिला नाही. मग एकेक अपशकुन मोजला जातो. अभिषेकापूर्वी काही महिन्यांच्या आत सेनापती प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत पडले आणि राणी काशीबाई वारल्या, समारंभात लाकूड पडून गागाभट्टालाच इजा झाली, आणि सोहळ्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाईंचा अंत झाला. तोपर्यंत दैवी प्रसंग राज्याच्या बाजूने साक्ष देत आले होते. इथे प्रथमच ते दरबारातील एका गटाच्या बाजूने दुसऱ्या गटाविरुद्ध उभे राहिले. महाराजांनी कोणालाही खोटे पाडले नाही. त्याच वर्षीच्या आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर रोजी, निश्चलपुरीच्या पद्धतीने तांत्रिक विधीने त्यांनी दुसरा अभिषेक करवून घेतला, आणि पहिल्या अभिषेकापासून सुरू झालेला शक तसाच चालू राहिला.